फोकसराइट स्कार्लेट सोलो: सेतूच्या कॉम्प्युटरवर दीड वर्ष

ही लाल डबी, म्हणजे गिटार आणि माईक कॉम्प्युटरला जोडायचा ऑडिओ इंटरफेस, घेऊन दीड वर्ष झालं. घेतल्याबरोबरच लिहायचं ठरवलं होतं, पण पहिले तीन महिने मी तिलाच शिव्या देत होतो आणि दोष निघाला माझ्या घराच्या भिंतीत. तेव्हाच लिहिलं असतं तर खोटं लिहिलं गेलं असतं.

ब्रह्मपुरी आणि नागभीडच्या मधे आमचं गाव आहे. घराच्या सपरीत माझं सेवा केंद्र. सरकारने नाव बदलून बरीच वर्षं झाली, पण लोक अजून सेतूच म्हणतात. दिवसभर सातबारा, उत्पन्नाचा दाखला, पीक विमा, दिवाळीच्या आगेमागे धान खरेदीच्या नोंदणीची रांग. रात्री नऊ वाजता दार लोटतो, प्रिंटर बंद करतो आणि त्याच कॉम्प्युटरला गिटार लावतो. कॉम्प्युटर म्हणजे नागपूरहून आणलेला जुना आय-फाईव्ह, आठ जीबी रॅम, मागून बसवलेली एसएसडी. गिटारही जुनीच, फेंडर स्ट्रॅटोकास्टरच्या घडणीची, तीन सिंगल कॉइल पिकअपवाली.

रेकॉर्डिंग करतो ते झाडीपट्टीच्या, म्हणजे पूर्व विदर्भातल्या आमच्या भागाच्या, नाटकांसाठी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो: आमच्याकडे दिवाळी झाली की मंडई म्हणजे गावजत्रा, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती आणि त्यांच्या जोडीला रात्रभर चालणारी नाटकं सुरू होतात, ती थेट होळीपर्यंत. नाट्यमंडळांचा बाजार वडशाला. मी आधी मंचासमोर वादकांत बसायचो. आता कीबोर्ड आणि पॅडवर भागतं, गिटारवाल्यासाठी गाडीत वेगळी जागा कोणी ठेवत नाही. पण गाण्यांचे ट्रॅक आधी तयार करतात, त्यात मात्र गिटार पाहिजेच असते. म्हणून मी घरी वाजवून पाठवतो.

आधी सगळ्यांसारखंच केलं. छोट्या अँपसमोर, म्हणजे गिटारचा आवाज मोठा करणाऱ्या स्पीकरच्या डब्यासमोर, माईक ठेवला. स्टुडिओत हे जमतं, गावात नाही. गोंदिया-बल्लारशा लाईनची मालगाडी पाच-सात मिनिटं वाजत राहते. पावसाळ्यात घरामागच्या बोडीत, म्हणजे छोट्या तळ्यात, बेडूक बसतात ते पहाटेपर्यंत. चौकातली राईस मिल, भलत्या वेळी आरवणारा शेजारचा कोंबडा, लग्नसराईत धुमालचा बँड. एकदा एका विरहगीताचा सोलो असा लागला होता की मलाच नवल वाटलं, आणि शेवटचा सूर लांबत असताना भिंतीपलीकडून आबाजी खोकलले. मोकळे होईपर्यंत खोकलले. तो सूर अजून माझ्याकडे आहे, खोकल्यासकट.

माईकला गाव ऐकू येतं, तारेला येत नाही. गिटारच्या पिकअपला हवेतला आवाज जवळजवळ कळतच नाही, त्याला लोखंडी तारेची थरथर कळते. म्हणून गिटार सरळ कॉम्प्युटरला लावायची, अँपचा आवाज कॉम्प्युटरच्या आतच बनवायचा, आणि बाहेर बेडूक काय वाटेल ते म्हणोत. यात नवीन काही नाही. साठच्या दशकात डेट्रॉईटच्या मोटाऊन स्टुडिओत गिटार आणि बास सरळ मिक्सरच्या टेबलाला लावत होते.

सरळ लावायची म्हणजे कशी, हे मी आधी चुकीचं समजलो. बाजारातून मोठ्या पिनेचं छोट्या पिनेला करणारं कन्व्हर्टर आणलं, चाळीस रुपयांचं, आणि कॉम्प्युटरच्या मागच्या गुलाबी भोकात गिटार खुपसली. आवाज आला, पण ओल्या घोंगडीखालून आल्यासारखा. वरचा चकचकीतपणा गायब, खाली नुसती खरखर. कारण साधं आहे. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसासारख्या बारीक तारेचे हजारो वेढे. त्यातून निघणारा सिग्नल फार अशक्त असतो आणि समोरच्या भोकाने थोडा जरी जास्त करंट ओढला तरी त्याची मान मोडते. आधी जातात ते वरचे सूर. गुलाबी भोक काही हजार ओहमचं असतं. गिटारला साधारण दहा लाख ओहमचं भोक लागतं, म्हणजे जवळजवळ काहीच न ओढणारं. जास्त पैसे घेणाऱ्या डबीत मुख्य काय असतं, तर हे एक भोक आणि त्याच्यामागचा, आवाजाचे आकडे करणारा चांगला कन्व्हर्टर.

मग सोलो मागवली. तिसऱ्या पिढीची, म्हणजे २०१९ पासूनची. २०२३ मध्ये चौथी पिढी आली, ती मी वापरलेली नाही. मला दहा हजारांच्या आतबाहेर पडली. कुरिअरवाल्याने गावात यायला नकार दिला, तालुक्याला येऊन घेऊन जा म्हणाला, तेव्हा त्यात पेट्रोलही धरा. फोकसराइट कंपनी इंग्लंडची, १९८५ मध्ये रुपर्ट नीव्ह यांनी काढलेली. हे नाव मोठमोठ्या स्टुडिओंच्या मिक्सरशी जोडलेलं. एवढ्या छोट्या डबीत त्या मोठ्या मिक्सरचं किती उतरलं असेल ते सोडा.

डबी हातात घेतली तर अॅल्युमिनियमची, भक्कम, जेवणाच्या डब्यापेक्षा लहान. वेगळा अडॅप्टर नाही, यूएसबीवरूनच चालते. माझ्या बोर्डावर आधीच प्रिंटर, स्कॅनर, यूपीएस, राऊटर आणि बोटांचे ठसे घ्यायचं मशीन बसलेलं, त्यामुळे एक पिन वाचली हेच मोठं. समोर एक माईकचं भोक, एक गिटारचं, त्या दोघांचे दोन नॉब. नॉबभोवती गोल दिवा. सिग्नल येतो तेव्हा हिरवा, डोक्यावरून गेला की लाल. गिटारच्या भोकाजवळ ‘इन्स्ट’चं बटण आहे, ते दाबलेलंच पाहिजे. नाही दाबलं तर भोक कीबोर्ड-मिक्सरसाठीचं होतं आणि तीच ओली घोंगडी परत येते. मला हे कोणी सांगितलं नव्हतं, म्हणून तुम्हाला सांगतो. आणखी एक: या डबीत माईक हा एक नंबरचा इनपुट आणि गिटार दोन नंबरचा. पहिल्या रात्री मी सॉफ्टवेअरमध्ये एक नंबर निवडून अर्धा तास वाजवत होतो, पडद्यावर रेघ सरळच्या सरळ. दिवा मात्र हिरवा होत होता. डबी म्हणत होती येतंय, कॉम्प्युटर म्हणत होता नाही येत. आमच्या कार्यालयासारखं.

दुसरी अडचण उशिराची. तार छेडली की हेडफोनमध्ये आवाज मागून यायचा, तलावाच्या पारेवर उभं राहून हाक मारावी आणि समोरून परत यावी तसा. अशाने ताल धरताच येत नाही. विंडोजच्या साध्या ड्रायव्हरवर चालवलं की असं होतं. कंपनीच्या साइटवरून तिचा एएसआयओ ड्रायव्हर टाकला आणि बफर १२८ केला, गोष्ट मिटली. हिशोब सोपा आहे: सेकंदाला ४८,००० नमुने, त्यातले १२८ जमले की गठ्ठा पुढे ढकलायचा, म्हणजे एका गठ्ठ्याला २.७ मिलिसेकंद. बफर १०२४ ठेवला तर तेच २१ च्या वर जातं. जाताना एकदा, येताना एकदा, वर कन्व्हर्टरचा थोडा वेळ. माझ्याकडे सगळं मिळून दहाच्या आसपास पडतं. हवेतून आवाज दहा मिलिसेकंदांत साडेतीन मीटरच्या जवळपास जातो. नाटकात ढोलकीवाला माझ्यापासून तेवढाच लांब बसायचा आणि आमचं कधी बिघडलं नाही. वाजवताना १२८, नंतर मिक्स करताना १०२४, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरलाही श्वास घ्यायला जागा मिळते.

डबी यूएसबी हबवर लावू नका. माझ्या हबवर ठशांचं मशीनही होतं. मधेच फट्-फट् आवाज यायचा, कधी डबी हरवूनच जायची. कॅबिनेटच्या मागच्या भोकात थेट लावली तेव्हापासून एकदाही नाही.

आणि आता ती तीन महिन्यांची कथा.

सगळं बरोबर लावलं, आवाज छान खुलला, पण मागे एक भुणभुण. वाजवताना लपायची, थांबलो की वर यायची. डिस्टॉर्शन, म्हणजे आवाज फाडणारा इफेक्ट, लावला की मोहोळ उठल्यासारखी. केबल बदलली. स्वस्तातली केबल होती, तिची एक पिन हलत होती, तालुक्याच्या मोबाईल दुरुस्तीवाल्याकडून डाग लावून घेतला. फरक पडला, पण भुणभुण गेली नाही. डबी परत करायची की काय असं मनात आलं. मग एका रात्री, जुलैत, अनवाणी बसलो होतो, जमीन ओलसर, आणि जाड ई तारेवरून हात फिरवताना बोटांत मुंग्या आल्या. आधी वाटलं बोट दबलं. परत हात लावला, परत मुंग्या. बुडालेल्या माणसाने पाण्याची चव घ्यावी तसा मी ती तार चारदा शिवून बघितली.

दुसऱ्या दिवशी गावातला वायरमन आला. त्याने खिशातून टेस्टर काढला, मला वाटलं बोर्डात घालील. त्याने तो गिटारच्या तारेला लावला. टेस्टरमधला दिवा लागला. गिटारच्या तारेवर टेस्टर पेटलेला मी आयुष्यात पहिल्यांदा बघितला. मंद, नारिंगी, पण पेटलेला. मग त्याने कॉम्प्युटरच्या पत्र्याला लावला, तिथेही. मग बोर्डाचं झाकण उघडलं आणि हसायलाच लागला.

‘‘तुमच्या बोर्डाले वरचं मोठं भोक नुसतं शोभेले आहे जी. अर्थिंगची तार आतच गुंडाळून ठेवली आहे, कुठी गेलीच नाही.’’

झालं होतं असं. कॉम्प्युटरच्या पॉवर सप्लायमध्ये फिल्टरचे छोटे कपॅसिटर असतात, फेज आणि न्यूट्रल दोन्हीकडून पत्र्याला जोडलेले. अर्थिंग असली की त्यांच्यातून झिरपणारा बारीक करंट गुपचूप जमिनीत जातो. अर्थिंग नसली की पत्रा अधांतरी राहतो, २३० च्या साधारण निम्म्या व्होल्टवर. करंट फार बारीक असतो म्हणून नुसत्या मुंग्या येतात. तो पत्र्यातून यूएसबीच्या केबलला, तिथून डबीला, गिटारच्या केबलच्या जाळीला, तारा जिथे अडकवलेल्या असतात त्या ब्रिजला आणि ब्रिजवरून सहाही तारांना. मी ज्याला डबीचा आवाज म्हणत होतो तो माझ्याच घराचा करंट होता, मी तो हातात धरून बसत होतो.

तेव्हा आठवलं, काउंटरवर दाखला घ्यायला आलेल्या म्हाताऱ्या बायका कॅबिनेटवर हात टेकला की ‘‘झिनझिन करते बाबू’’ म्हणायच्या आणि मी म्हणायचो, ‘‘कॉम्प्युटर आहे ना मोठीआई, करंट असतेच.’’ लाज वाटली. गिटार नसती तर मी अजून तेच उत्तर देत बसलो असतो.

सांदवाडीत, म्हणजे परसात, न्हाणीचं पाणी जिथे मुरतं तिथे गड्डा खोदला, कारण जमीन बारा महिने ओली पाहिजे. सात फुटांचा जीआय पाईप, खाली भोकं पाडलेला, त्याच्याभोवती कोळसा आणि खडे मिठाचे थर आळीपाळीने. वर पाणी ओतायला फनेल ठेवलं. तिथून जाड तार थेट बोर्डापर्यंत. सामान २,६०० रुपये, मजुरी ७००. बाबा बाजेवर बसून सगळं बघत होते. म्हणाले, ‘‘विहिरीसाठी गड्डा खंदतात, संडासासाठी खंदतात. बाजासाठी खंदताना पहिल्यांदा पाहून रायलो बाप्पा.’’ मिठाची अख्खी गोणी गड्ड्यात गेली तेव्हा मायचं तोंड बघण्यासारखं होतं.

तार जोडली, टेस्टर लावला, अंधार. हेडफोन घातला. थांबलो. भुणभुण दहा आण्यांतली आठ आणे गेली होती.

इथे एक गोष्ट ठासून सांगतो. भुणभुण जावी म्हणून काही जण अँपच्या पिनेचा अर्थिंगचा पाय काढून टाकतात. काही वेळा आवाज खरंच जातोही. पण त्या दिवशी अँपच्या आत फेज सुटून पत्र्याला लागली तर जायला रस्ता तुमच्या अंगातूनच उरतो, मुंग्यांवर भागणार नाही. टेस्टर पेटतो का बघा, पेटला तर वायरमनला बोलवा. गिटारचं दुकान नंतर.

उरलेली दोन आणे भुणभुण पिकअपची. सिंगल कॉइल म्हणजे अँटेनाच असतो, घरात जिथे करंटचं चुंबक फिरतं ते सगळं त्याला ऐकू येतं. तारेला गाव ऐकू येत नाही असं वर म्हणालो खरं, पण करंट मात्र सगळा ऐकू येतो. माझ्या घरात त्याचा पहिला गुन्हेगार पंख्याचा रेग्युलेटर निघाला, जुना गोल फिरवायचा. तो करंटची लाट मधेच कापून पंखा हळू करतो आणि ते कापणं पिकअपमध्ये झर्र ऐकू येतं. पंखा पूर्ण वेगात ठेवला की आवाज नाही, तीनवर ठेवला की सुरू. पायरी-पायरीने फिरणारा नवीन रेग्युलेटर दोनशे-अडीचशेत मिळतो, तो बसवला. दुसरा गुन्हेगार यूपीएस. लाईन गेली की मला वाटायचं, आता गावभर अंधार, शांत, वाजवून घेऊ. पण स्वस्त यूपीएसचा करंट चौकोनी पायऱ्यांचा असतो, लाईनवरून येतो तसा गोलाईचा नाही, आणि तो पिकअपला चांगलाच टोचतो. तेव्हा लाईन गेली की मी फाईल सेव्ह करतो आणि बाहेर जाऊन बसतो.

तिसरा गुन्हेगार कूलर, आणि त्याच्यावर उपाय नाही. विदर्भातल्या माणसाला कूलरचं सांगायला नको. मोठ्या लोखंडी डब्यातली मोटार, पाण्याचा पंप, गवताच्या ताट्या. मोटारीची घरघर पिकअपमध्ये येतेच, वर हेडफोनच्या बाहेरूनही येते. मे महिन्यात आमच्याकडे पारा ४५ च्या वर जातो. चार मिनिटांच्या गाण्यासाठी कूलर बंद केला की माय आतून ओरडते, ‘‘कूलर बंद करून कोन मरते बाबू? त्यापेक्षा पेटी वाजव!’’ म्हणून उन्हाळ्यात मी पहाटे चार वाजता वाजवतो, तेव्हा तसाही कूलर नकोसा होतो. त्या वेळी घाम कमी, तारांवर गंज कमी.

बाकी, खुर्ची फिरवून बघा. हसू नका. पिकअप चुंबकाला जसा तोंड देईल तसा आवाज कमीजास्त होतो. मी दक्षिणेकडे, मारुतीच्या देवळाकडे तोंड करून बसलो की सगळ्यात शांत. पेटीमास्तरला वाटतं मी भक्तीने बसतो. पिकअपचा स्विच दोन किंवा चार नंबरवर ठेवला तरी भुणभुण पडते, मधला पिकअप उलटा गुंडाळलेला असेल तर. माझ्या गिटारमध्ये आहे.

आता या डबीतून जो आवाज कॉम्प्युटरात जातो तो अगदी नागडा असतो. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं पैसे वाया गेले. कोरडा, बारीक, टिचकी मारल्यासारखा. त्याला अँप चढवावा लागतो. मी रेकॉर्डिंगला रीपर नावाचं सॉफ्टवेअर वापरतो. साठ दिवस पूर्ण चालवून बघता येतं, घरगुती लायसन्स ६० डॉलरचं, मी एका हंगामाच्या पैशातून घेतलं. फाईल इतकी छोटी की आमच्या नेटवरही उतरली. अँपसाठी न्यूरल अँप मॉडेलर, फुकट आणि खुलं. यात खरा अँप वाजवून त्याचा आवाज कॉम्प्युटरला शिकवलेला असतो, आणि जगभरातले लोक आपापल्या अँपची मॉडेल फुकट टाकतात. ज्या अँपची किंमत माझ्या बैलजोडीपेक्षा जास्त आहे तो मी सेतूच्या टेबलावर वाजवतो. जुन्या कॉम्प्युटरला ‘स्टँडर्ड’ मॉडेल जड जातं, दोन-तीन ट्रॅकवर घाम फुटतो. ‘फेदर’ किंवा ‘नॅनो’ ही हलकी घ्या.

अँपच्या मागे स्पीकरचं आयआर, म्हणजे खऱ्या स्पीकरच्या आवाजाचा ठसा असलेली फाईल, लावायला विसरू नका. मीही विसरलो होतो आणि आवाज गांधीलमाशी डब्यात कोंडल्यासारखा आला. गिटारचा स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वरचं फारसं सोडतच नाही, ते कापणं आयआर करतं. बिचारं गाळणं आहे, पण तेच नसेल तर सगळा चहा पत्तीचा.

या पद्धतीचा खरा फायदा मला गेल्या हंगामात कळला. एका मंडळाच्या दिग्दर्शकाला गाणं पाठवलं होतं. रात्री साडेदहाला फोन. ‘‘मास्तर, गिटार चांगली आहे, पण हिरोईनचा बाप मेला आहे जी. थोडी रडवा ना.’’ पूर्वी असतं तर परत सगळं जोडून, परत वाजवून, परत आबाजींच्या खोकल्याची वाट बघत. आता कोरडा सूर कॉम्प्युटरात तसाच पडलेला. अँप बदलला, गेन उतरवला, थोडा रिव्हर्ब म्हणजे घुमारा, थोडा उशिराने येणारा प्रतिध्वनी. वीस मिनिटांत तीच गिटार रडायला लागली, मी एकही तार न छेडता. त्याने सकाळी कळवलं, ‘‘आता ठीक. मागच्या येळी नुसती बसून होती.’’

लेव्हल ठेवताना घाई करू नका. जोरात वाजवून नॉब असा ठेवा की सगळ्यात मोठा ठोका पडद्यावर उणे बारा डेसिबलच्या आसपास थांबेल. २४ बिटमध्ये कमी लेव्हलने काही बिघडत नाही, लाल लागला की मात्र तो तुकडा गेलाच. माझ्या सिंगल कॉइलला नॉब अर्ध्याच्या खालीच असतो.

डबीच्या मर्यादा. एक गिटार आणि एक माईक, बस. दोन गिटारवाले एकत्र बसून वाजवणार असाल तर थोडे जास्त पैसे घालून हिचीच मोठी बहीण, दोन इनपुटची टू-आय-टूच घ्या. ‘डायरेक्ट मॉनिटर’चं बटण चालू-बंद एवढंच, किती कोरडं आणि किती कॉम्प्युटरचं ऐकायचं हे मिसळायचा नॉब नाही. गिटारसाठी ते बंदच ठेवा, नाहीतर अँपच्या आवाजाबरोबर नागडी गिटारही ऐकू येते आणि डोकं फिरतं. मिडीचं, म्हणजे कीबोर्ड जोडायचं जुन्या पद्धतीचं, भोक नाही. कीबोर्डवाल्याला आजकाल यूएसबी असतंच, तेव्हा चालतं.

पाठवताना व्हॉट्सअपवर ऑडिओ म्हणून पाठवू नका, तो दाबला जाऊ शकतो. डॉक्युमेंट म्हणून पाठवा. ४८ हजार, २४ बिट, मोनो फाईल मिनिटाला साधारण पावणेनऊ एमबी होते, चार मिनिटांचं गाणं ३५ एमबी. आमच्या घरात टॉवर एक कांडी असतो, म्हणून फाईल मोबाईलमध्ये घेऊन तलावाच्या पारेवर जातो. तिथे तीन कांड्या येतात. ३५ एमबी जायला एक बिडी पुरते असं बाबा म्हणतात, त्यांच्या बिडीवर.

या हंगामाची दोन गाणी बाकी आहेत. गेले तीन दिवस भुणभुण परत किंचित वर आली होती. मी केबल तपासली, रेग्युलेटर तपासला, खुर्ची देवळाकडे केली. मग सांदवाडीत गेलो तर फनेल कोरडं, त्यात कोंबडीने घरटं मांडलं होतं आणि दोन अंडी. बाबांना सांगितलं, गड्ड्यात पानी टाकायचं आहे. ते म्हणाले, ‘‘पिल्लं निघू दे आधी. एकवीस दिवस थांबते तुझं गानं.’’